एम म्हणजे कोण?

आमच्या टीममधला एक जण जास्त पगारावर बंगळुरूला गेला आणि त्याचा पायथन या संगणकभाषेतला कोड माझ्या गळ्यात पडला. कोड चालत होता, म्हणून तर आजवर कोणी उघडून बघितला नव्हता. मी बघितला. जिथं तिथं 'एम' बसलेला. एम डॉट हे, एम डॉट ते. हा एम म्हणजे मॉड्यूलचं, तयार कोडच्या गाठोड्याचं, टोपणनाव: एका फाइलीत गणिताचं मॅथ, दुसरीत आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब आणि तिसरीत गड्यानं स्वतःच लिहिलेलं 'मंथली' नावाचं काहीतरी.

मला टोपणनावांचं वावडं नाही. रेशनकार्डावरचा पुरुषोत्तम घरात बाळ्याच असतो, पण तो बाळ्या अख्ख्या वाड्याला ठाऊक असतो. आकडेमोडीच्या नमपायला 'एनपी', तक्त्यांच्या पांडाजला 'पीडी' म्हटलं की जगात कुठलाही पायथनवाला ओळखतो. आलेखांच्या सीबॉर्नला 'एसएनएस' म्हणतात, कारण काय तर एका अमेरिकी मालिकेतल्या सॅम्युएल नॉर्मन सीबॉर्न या पात्राची ती आद्याक्षरं! तेही चालवून घेतलं लोकांनी. इम्पोर्ट करताना, म्हणजे मॉड्यूल आत घेताना, 'ॲज' लिहून टोपणनाव द्यायची सोय २००० साली, पायथन २.० मध्ये आली. ती हेरखात्यासाठी नव्हती.

पुढे एक ओळ दिसली आणि चहा थंड झाला: 'फ्रॉम नमपाय इम्पोर्ट स्टार'. म्हणजे सगळंच आत घ्या, विचारू नका. मग नमपायचा बेरीज करणारा 'सम' गुपचूप पायथनच्या मूळ 'सम'च्या खुर्चीत बसतो. शून्य ते चारची बेरीज करा, सुरुवात उणे एकपासून, असं सांगितलं तर मूळचा सम ९ म्हणतो. नमपायचा सम त्या उणे एकला 'ॲक्सिस', म्हणजे बेरीज कुठल्या दिशेनं करायची ते, समजतो आणि १० म्हणतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. अकाउंट्सवाले उगाच आमच्या नावानं खडे फोडत नव्हते तर!

शेवटी त्या बंगळुरूवाल्याला फोन लावला.

"अरे, एम म्हणजे काय?"

"कुठल्या फाइलीतला?"

"बरं, आणि एम-टू?"

"एम आधीच वापरला होता ना, म्हणून."

फोन ठेवला आणि एकेक नाव सरळ करत बसलो. पायथन ३ मध्ये देवनागरी नावंही चालतात, मग मोह कसा आवरणार? मॅथमधला 'एसक्यूआरटी' घेतला तो 'ॲज वर्गमूळ'. बिनतक्रार चालला. शाळेतल्या गणिताच्या बाईंनीसुद्धा एका दमात वाचला असता.

कोड रिव्ह्यूसाठी चेन्नईच्या टीमकडे गेला. संध्याकाळी शेरा आला: छान वाचनीय झालाय, पुढचं मॉड्यूल आम्ही तमिळमध्ये लिहितोय.