खजुराच्या वडीत साखर असते, मावशी

गेल्या महिन्यात गिरगावात मावशीकडे गेले तेव्हा तिने चहाबरोबर डबा पुढे केला. "घे, घरी बेक केल्यात. ना धान्य, ना साखर. मी तर दिवसाला चार खाते." मावशीला अकरा वर्षांपासून डायबेटिस आहे. त्याच आठवड्यात तिची जेवणानंतरची साखर 260 आली होती आणि दोष ती नव्या गोळीला देत होती.

कृती आली होती एका फॉरवर्डमधून. नंतर तोच मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. त्यातले दावे असे: धान्य आणि पांढरी साखर नसल्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही, डायबेटिसवाल्यांनी हव्या तितक्या खाव्यात, मध नैसर्गिक, तो साखरेत धरायचा नाही, सहा महिन्यांच्या बाळापासून सगळ्यांना चालतात, बाहेर तीन महिने टिकतात.

कृतीतलंच प्रमाण घेऊ. 250 ग्रॅम खजूर, 100 ग्रॅम मध, बाकी बदाम, अक्रोड, तीळ, वड्या बारा. खजुरात वजनाच्या साधारण 65 टक्के साखर असते, मधात 80 टक्के. म्हणजे 160 आणि 80, एकूण 240 ग्रॅम. एका वडीत 20 ग्रॅम, चहाचे चार-पाच चमचे. मावशीच्या पोटात रोज 80 ग्रॅम जात होती, आणि ती चहा मात्र बिनसाखरेचा घेत होती! मला राग आला तो याचा.

मध वेगळा कसा? आपली साखर आतड्यात फुटते आणि तिचं ग्लुकोज नि फ्रुक्टोज होतं. मधात हे फोडण्याचं काम मधमाशीने आधीच केलेलं असतं, एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना काढून वाचा. मर्यादा घालायच्या साखरेत मधाचं नाव स्पष्ट लिहिलंय. ही साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, शक्यतो 5 टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम. चार वड्यांतल्या नुसत्या मधाचीच 27 ग्रॅम होते.

खजुराबद्दल एक मान्य करते. अख्ख्या फळातली साखर त्या मर्यादेत धरत नाहीत, आणि खजुरातल्या तंतूंमुळे, बदामातल्या तेलामुळे ती रक्तात सावकाश उतरते. सरबतापेक्षा वडी बरी. पण सावकाश उतरली तरी ती उतरतेच, आणि डायबेटिस असलेल्याला ती मोजावीच लागते.

धान्य नाही म्हणून साखर वाढत नाही, हे तर आपल्याकडे कुणी मानूच नये. साबुदाणा कुठे धान्य आहे? एकादशीला खिचडी खाऊन दोन तासांनी साखर तपासा. ज्यांना सिलिअ‍ॅक हा गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार आहे त्यांना गहू सोडावाच लागतो, तो विषय वेगळा.

आता बाळाचं. माझ्या मामेबहिणीची मुलगी आठ महिन्यांची आहे आणि तिने मला विचारलं, "ताई, थोडी कुस्करून देऊ का?" अजिबात नाही. एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही. मधात बोटुलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तान्ह्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, रडणं क्षीण होतं, मान धरवत नाही, श्वासापर्यंत जातं. "बेक केलंय ना" म्हणू नका. हे बीजाणू मारायला दाबाखाली 121 अंश लागतात. घरच्या ओव्हनमध्ये वडीच्या आत जेमतेम शंभर होतात. "आमच्या वेळी मधाचं बोट चाटवायचेच" हेही ऐकलं. सगळ्या बाळांना होत नाही, पण ज्याला होतं ते थेट आयसीयूत जातं. शिवाय अक्रोडाचे तुकडे पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकतात, ते वेगळंच.

तीन महिने टिकण्याचं काय सांगू. मुंबईच्या पावसाळ्यात अक्रोड लवकर खवट लागतो. फ्रिजमध्ये ठेवा, बुरशी दिसली तर आख्खा डबा टाका.

वड्या मीही करते. मस्जिद बंदरहून आणलेला खजूर 150 ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून वाटलेला. मध नाही. बदामाची पूड, तीळ, वेलची, चिमूटभर मीठ. 160 अंशांवर वीसेक मिनिटं. तुकडे चोवीस, प्रत्येकी चार ग्रॅम साखर. मावशीला आता दुपारी एक मिळते, आणि ती तिने वहीत लिहायची असं आमचं ठरलंय.