कट्ट्यावर हरारेचे सहा महिने

वाद पेटला तो मलावीच्या आंब्यावरून. नोव्हेंबरात वाशीच्या मार्केटात पेट्या उतरल्या आणि बापूंनी सुरुवात केली, "कोकणातली कलमं नेली, आता आपल्यालाच हापूस म्हणून विकतात! आफ्रिकेत एकच पेटंट ऑफिस हवं. एक खंड, एक अर्ज, विषय संपला!"

"बापू, आंब्याच्या नावाला पेटंट नाही, जीआय लागतो, म्हणजे मालाच्या मूळ प्रदेशाशी बांधलेल्या नावाची नोंदणी," वंदनाने ग्लास खाली ठेवला. "हापूसचा जीआय २०१८चा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. तो चालतो भारतात. वाशीत पेटीवर नाव चुकीचं असेल तर तक्रार वाशीतच करायची. मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत, कोण ऐकणार तुमचं?"

"म्हणूनच म्हणतो, एकच ऑफिस!"

"एक नाही, दोन आहेत आधीच. झिंबाब्वेत हरारेला अरिपो, कॅमेरूनमध्ये यावुंदेला ओआपी. दोन्ही आफ्रिकन देशांच्या गटांची सामाईक ऑफिसं. आणि दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, इजिप्त दोन्हींच्या बाहेर. तिथे अर्ज वेगळेच करावे लागतात."

बापूंना दोन्हींतला फरक कधीच पटलेला नाही. ओआपीत पेटंट एकदा मिळालं की सतराही सदस्य देशांत लागू. देश निवडायची सोयच नाही, वार्षिक फीसुद्धा एकाच ठिकाणी भरायची. हरारेला मात्र हवे ते देश अर्जात नेमायचे आणि प्रत्येकाची वार्षिक फी वेगळी भरायची. एकाची चुकली तर त्या देशापुरतं पेटंट गेलं, बाकीच्यांत जिवंत. पीसीटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाचा करार; त्यातून येणाऱ्याला हरारेत अर्ज दाखल करायला ३१ महिने मिळतात, यावुंदेत ३०. या एका महिन्यात अर्ज बुडतात, असं वंदना मोठ्या पोटतिडकीने सांगते. दोन्हीकडची तारीख एकच समजून चालणाऱ्यांवर तिचा राग आहे.

"आता खरी गोष्ट ऐका," ती म्हणाली. "हरारेने अर्ज तपासला, पेटंट द्यायला हरकत नाही असं ठरवलं, की नेमलेल्या प्रत्येक देशाला कळवतात. देशाला सहा महिने. 'आमच्या कायद्यात बसत नाही' असं लेखी आलं तर तिथे ते लागू नाही. उत्तर आलं नाही तर लागू! गप्प बसलं की होकार."

नितीन औषधांच्या निर्यातीत. त्याने लगेच पकडलं, "ताई, युगांडाच्या २०१४च्या कायद्यात तर औषधांना पेटंटच नाही. अत्यल्प विकसित देशांना डब्ल्यूटीओने औषधांच्या पेटंटातून २०३३पर्यंत सूट दिलीय."

"सूट दिलीय, पण ती वापरायला पत्र लिहावं लागतं ना! ते गेलं नाही तर हरारेच्या रजिस्टरात युगांडा नेमलेला दिसणार. पुढे वकील भांडतील की युगांडाचा कायदा वर की प्रोटोकॉल, म्हणजे अरिपोचा हरारे करार, पण तोवर जेनेरिकवाला माल पाठवायला घाबरतो. ओआपीत तर पत्राचीही सोय नाही. सतरांपैकी बारा देश अत्यल्प विकसित, तरी पेटंट सगळीकडे. उलट तिथे एका देशाच्या कोर्टाने पेटंट रद्द ठरवलं आणि निकाल अंतिम झाला, की तो सगळ्यांना बांधतो. हे हत्यार कोणी फारसं उचलत नाही, याचं मला वाईट वाटतं."

"पण मोठं ऑफिस झालं की..." बापूंनी हात उंचावला. चहा सांडला. चर्चेत हात वर केला की त्यांचा चहा सांडतोच.

"झालंय की कागदावर! आफ्रिकन युनियनने २०१६ला पायपोचा, म्हणजे अख्ख्या आफ्रिकेच्या बौद्धिक संपदा संघटनेचा, मसुदा मंजूर केला, मुख्यालय ट्यूनिस. पंधरा देशांची मान्यता हवी, तेवढी झालेली नाही. २०२३च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या मुक्त व्यापार कराराचा बौद्धिक संपदेचा प्रोटोकॉलही मंजूर झाला. ऑफिसं वाढतात बापू. युगांडात, मलावीत फाइल वाचून सहा महिन्यांत उत्तर लिहिणारे रसायनाचे जाणकार वाढले पाहिजेत. चार परीक्षक नेमा, मग ट्यूनिसचं बघू."

नितीनने पेंजाच्या मिरीचा विषय काढला. कॅमेरूनच्या ज्वालामुखीच्या मातीतली ती मिरी. ओआपीत २०१३ला जीआय झाला आणि संरक्षण सतराही देशांत. हरारेकडे जीआयसाठी तसा प्रोटोकॉलच नाही. मालावर नाव टिकवायचं तर अरिपोच्याच ट्रेडमार्कच्या कराराने, बांजुल प्रोटोकॉलने, ट्रेडमार्क घ्यायचा. पण टांझानियात मुख्य भूमी आणि झांझिबार यांची नोंदणी वेगवेगळी. एकीकडे नोंदवून दुसरीकडे माल उतरवणारे तिथेच फसतात.

"म्हणजे या एका बाबतीत यावुंदेवाले पुढे?" बापूंचा चेहरा उजळला. "म्हणजे मी बरोबर!"

"तुम्ही बरोबर एकदाच होतात," सुनील इतक्या वेळाने बोलला. "गेल्या वर्षी म्हणालात, 'मलावीची पेटी घेऊ, पैसे निम्मे निम्मे.' आंबा गोड निघाला. तुमचं निम्मं अजून आलं नाही."

"सहा महिने उलटले?" वंदनाने विचारलं.

"बारा!"

"मग होकार धरलाय बापूंनी. पेटी तुझ्याकडून."

बापूही हसायला लागले आणि दुसरा चहा मात्र त्यांनीच सांगितला.