उलटी थांबली म्हणजे पोट ठीक, असं नाही

रिफ्लक्ससाठी, म्हणजे जठरातलं अन्न-आम्ल पुन्हा वर अन्ननलिकेत येतं त्यासाठी, फंडोप्लिकेशन ही शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मजकूर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: उलटी होत नाही तोवर काळजी नको, पोट फुगलं तर गॅस, खाल्ल्यावर घाम आला तर अशक्तपणा, आणि पहिला महिना निघाला की धोका टळला. ऑपरेशन अनेक मुलांना उपयोगी पडतं आणि गंभीर गुंतागुंत विरळ असते, हे खरंच. बाकी मजकूर मात्र तपासून घ्यावा असा आहे.

‘उलटी नाही म्हणजे पोट ठीक.’ यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात. निसेन पद्धतीत पूर्ण 360 अंशांत. अन्न खाली उतरतं, वर येणं अवघड होतं. पुढे कधी आतडं अडलं, तर इतर मुलांना हिरवी उलटी होते आणि सगळे सावध होतात. इथे मूल नुसत्या कोरड्या ओकाऱ्या काढत राहतं. जठर रिकामं व्हायला वाट उरत नाही. ते ताणत जातं, भिंतीतला रक्तप्रवाह दबतो आणि क्वचित ते फाटतं. म्हणून कोरड्या ओकाऱ्या, टणक फुगलेलं पोट, पांढराफटक चेहरा, जलद नाडी असं दिसलं की तोंडाने किंवा नळीने काही देऊ नका, तडक बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठा. गॅस्ट्रोस्टोमी नळी (पोटावरून थेट जठरात घातलेली) असेल तर ती उघडून पिशवीला जोडा आणि पिशवी पोटाच्या पातळीखाली ठेवा. नाकातून नळी घालायचा प्रयत्न घरी करू नका. ती गुंडाळीपाशी अडू शकते आणि जोर लावला तर इजा होते. तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी ऑपरेशनबद्दल सांगा, नाहीतर ‘उलटी नाही ना?’ या प्रश्नावरच दिशाभूल होते.

‘फुगलं तर गॅस.’ अर्धं खरं. गिळलेली हवा ढेकरेवाटे सहज निघत नाही. पोट मऊ आणि मूल खेळतं असेल तर फीड सावकाश द्यायचं. नळी असल्यास दट्ट्या काढलेली 60 मिलीची सिरिंज जोडून वर धरायची, हवा निघून जाते.

‘घाम म्हणजे अशक्तपणा.’ हे डम्पिंग असू शकतं. जठराची मावण्याची जागा कमी झाल्याने फीड आतड्यात भसकन उतरतं. अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. रक्तातली साखर आधी उसळते आणि 1 ते 3 तासांनी कोसळते. तेव्हा मूल गळून जातं, कधी फिटही येते. उपाशीपोटीची साखर नॉर्मल येते आणि निदान हुकतं. फीडच्या आधी आणि नंतर दर अर्ध्या तासाने, किमान 3 तास मोजली तरच चढउतार दिसतो. ताकदीसाठी फीडमध्ये साखर वाढवली तर त्रास वाढतो. फीड लहान किंवा पंपाने संथ करतात, कच्चा कॉर्नस्टार्च घालतात. प्रमाण डॉक्टरच ठरवतात.

‘महिन्यानंतर धोका नाही.’ उलट, गिळायला होणारा सुरुवातीचा त्रास बहुधा सुजेचा असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. गुंडाळी सैल होणं किंवा छातीत सरकणं, ऑपरेशननंतर आत तयार झालेल्या चिकट पट्ट्यांनी आतडं अडणं, हे महिन्यांनी, वर्षांनीही घडतं. घास अडकणं पुन्हा सुरू झालं तर बेरियम तपासणी (बेरियम पाजून काढलेला एक्स-रे) हवी. लाळही उतरत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात.