"वस्तू तुमच्या जवळपास आहे" म्हणे!

"तुमची वस्तू जवळपास आहे." एवढं सांगायला ॲप लागतं, ब्लूटूथ लागतं, लोकेशन चालू लागतं आणि चांगले पैसे मोजून आणलेली एक चकती लागते, वस्तूला अडकवून ती शोधायची, जिला टॅग म्हणतात. अरे मेल्या, जवळपास आहे हे मलाही ठाऊक आहे! वन बीएचके फ्लॅटमध्ये किल्ली जाऊन जाऊन जाणार कुठे? वर नकाशा उघडून आमच्या बिल्डिंगवर ठिपका दाखवतो. बिल्डिंग मला सापडलीय. मी बिल्डिंगमध्येच उभी आहे, एका पायात चप्पल घालून, आणि मला फक्त स्कूटरची किल्ली हवी आहे, कारण डोंबिवली स्टेशनावरची लोकल माझ्यासाठी थांबणार नाहीये.

हे खूळ आमच्याकडे नवऱ्याने आणलं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांची रड तीच. "आता शोधाशोध बंद," असं जाहीर करून त्याने किल्ल्यांना, छत्रीला, माझ्या पर्सला टॅग अडकवले आणि सगळे जोडले कुणाच्या फोनला? स्वतःच्या! म्हणजे वस्तू घरात, ती शोधणारी मी घरात, आणि ती वाजवायचं बटण सातच्या लोकलला लटकून भायखळ्याच्या पुढे गेलेलं. फोन केला की साहेब तिकडून सांगतात, "दाखवतंय ना, घरातच आहे." वाजवा म्हटलं तर वाजत नाही, कारण ब्लूटूथची झेप घरापुरती आणि हे पोचले फोर्टात. माझ्या फोनला जोडावं तर माझा फोन त्या कंपनीचा नाही. ही गंमत सगळीकडेच आहे. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, तो अँड्रॉइड फोनवर नोंदवताच येत नाही. तो घरातल्या दुसऱ्या कुणाशी शेअर करायची सोय मिळायला २०२३ उजाडलं, आणि तीसुद्धा फक्त आयफोनवाल्यांना. सॅमसंगचा स्मार्टटॅग गॅलक्सी फोन असेल तरच. घरटी एकाच कंपनीचे फोन असतात हे यांना कुणी सांगितलं? आमच्याकडे चार माणसांत तीन कंपन्या आहेत आणि सासूबाईंचा बटणांचा फोन वेगळाच.

बरं, एवढ्यावर भागत नाही. किल्ली एकदाची मिळाली, स्कूटर काढली, ऑफिसात पोचले, तर माझ्या फोनवर सूचना: एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय! कुणी गुपचूप टॅग टाकून बायकांचा पाठलाग करू नये म्हणून ही सूचना आणली, ते योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझीच किल्ली, माझीच स्कूटर, टॅग माझ्याच नवऱ्याचा, आणि माझाच फोन मला विचारतोय, बाई, तुमच्या मागावर कोण आहे? मी शेजारणीला काय सांगू?

मुळात हे यंत्र ज्या कामासाठी बनलंय ते काम वेगळं. विमानतळावर बॅग राहिली, रिक्षात पर्स विसरली, तर येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन त्या टॅगची हाक ऐकतात आणि तो कुठे आहे ते मालकाला कळतं. छान आहे, हुशारी आहे. पण घरात वस्तू हरवत नाही हो, कुणीतरी उचलून भलतीकडे ठेवते! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. टॅग लावायचाच तर नवऱ्याच्या हाताला लावा.

खोटं वाटत असेल तर ऐका. परवा रविवारी, हे स्वतः घरात, ॲप हातात, तरी किल्ली बोलेना. "कनेक्ट होत आहे" आणि ते गोल गोल चक्र. हा माणूस फोन वर धरून हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून बाल्कनीत, आरती ओवाळल्यासारखा फिरतोय. सोफा ओढला, गाद्या उचलल्या. किल्ली कुठे निघाली? फ्रिजमध्ये. खालच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली, कापडी पिशवीच्या तळाशी. बाजारातून आल्यावर साहेबांनी किल्ली पिशवीत टाकली आणि पिशवी आहे तशी आत ढकलली. टॅगला दव सुटलेलं, मेथीचं एक पान चिकटलेलं. आता फ्रिज म्हणजे पत्र्याची पेटी, त्यात पाण्याने भरलेली भाजी. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पत्रा अडवतो आणि पाणी गिळतं. लोखंडी कपाटात ठेवा, स्टीलच्या डब्यात पडू द्या, हीच गत. आणि आपल्या घरात पत्रा, स्टील आणि सिमेंट सोडून आहे काय?

समजा वाजलाच. काय तो आवाज! बारीक पी-पी-पी, जणू भिंतीत रातकिडा अडकलाय. वर पंखा, आत मिक्सर, हॉलमध्ये सिरियल. इवल्याशा बझरला जाड आवाज जमत नाही, म्हणून बारीक. आणि वय झालं की कान आधी बारीक आवाजच सोडतात. म्हणजे घरात सगळ्यात जास्त वस्तू शोधत बसतात त्या सासूबाई, आणि त्यांनाच तो ऐकू येत नाही. शाबास! ज्यांना येतो त्यांना दिशा कळत नाही. दोन-चार हजार हर्ट्झच्या एकसुरी आवाजाची दिशा ओळखायला माणसाचा कान कच्चाच, त्यात टाइल्सच्या खोलीत तो घुमतो. सगळं घर पुतळ्यासारखं उभं, श्वास रोखून, "श्श, आला, आला!", प्रत्येकाचं बोट वेगळ्या कोपऱ्याकडे, आणि तेवढ्यात तो गप्प. पुन्हा दाबा. पुन्हा चक्र.

नवऱ्याचं यावर उत्तर तयार आहे: बाण दाखवणारा टॅग घेऊ, यूडब्ल्यूबी नावाची चिप असलेला, किती मीटरवर आहे तेसुद्धा सांगतो. सांगतो ना! पण फोनमध्येही ती चिप लागते, आणि ती असते निवडक महागड्या फोनांत. शंभर रुपयांची डुप्लिकेट किल्ली शोधायला आता नवा फोन घ्यायचा.

आणि रोज खरं जे सापडत नाही त्याला टॅग लावताच येत नाही. नेलकटर. कात्री. आधारची झेरॉक्स. एका पायाचा मोजा. सासूबाईंचा चष्मा! चष्म्याला लावायला निघाले होते हे. एअरटॅगचंच माप घ्या: जवळजवळ ३२ मिलिमीटर व्यास, ८ मिलिमीटर जाडी, ११ ग्रॅम वजन. चष्म्याच्या दांडीला हे लोंबकळणार? नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

सेल संपतो ते वेगळंच. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पेन्सिल सेल मिळतो, हा नाही. घड्याळवाल्याकडे जा. लहान मुलाने गिळला तर जिवावर बेततं, म्हणून काही कंपन्या त्याला कडू लेप लावतात, आणि तो लेपवाला सेल काही टॅगांत चालतच नाही! मग बिनलेपाचा आणा आणि लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. ती जागा नंतर कुणालाच आठवत नाही.

फोनच हरवला तर? सायलेंटवर असतो, मिस्ड कॉल देऊन उपयोग नाही. दुसऱ्या फोनवरून शोधायला जावं तर लॉगिन करा, पासवर्ड टाका, आणि आता तुमच्या फोनवर आलेला ओटीपी टाका. कुठल्या फोनवर? जो शोधतेय त्याच फोनवर! हे ज्याने बनवलं त्याला एकदा आमच्या घरी पाठवा, चहा देते आणि तोंडावर विचारते.

पूर्वी लोकलमध्ये फेरीवाल्याकडे शिट्टीला वाजणारं कीचेन मिळायचं. आपण शिट्टी मारली की ढिम्म, पण कुकरची झाली की हमखास वाजायचं. निदान रोज वरणभात लावला की किल्ली कुठे आहे ते कळायचं.

आणि घरच्या कॉर्डलेस फोनच्या स्टँडवर एक बटण असायचं. दाबलं की हँडसेट कुठेही असो, बोंबलायचा. ॲप नाही, खातं नाही, पासवर्ड नाही, आजीपासून नातवापर्यंत कुणीही दाबा. मग टीव्हीला तसं एक बटण द्यायला काय धाड भरलीय? टीव्ही भिंतीवरून हलत नाही, त्याला चोवीस तास वीज आहे. साधा रिमोट नुसता इन्फ्रारेड सोडतो, त्याला उलटा निरोप ऐकू येत नाही, ते कबूल. पण आता बोलून चालवायचे ब्लूटूथ रिमोट येतात, त्यांना येतो की ऐकू! रोकू नावाच्या अमेरिकन कंपनीच्या काही रिमोटना अशी सोय आहेसुद्धा. पन्नास हजारांच्या टीव्हीत एक बटण आणि रिमोटमध्ये एक बझर घालायला यांचे हात आखडतात, आणि आम्ही मात्र रिमोटच्या पाठीला सेलोटेपने टॅग चिकटवायचा. चिकटवला होता. तो निघाला आणि सोफ्याच्या फटीत गेला. आता टॅग वाजतो, रिमोट नाही.

कात्री मी कालच स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला परकराच्या नाडीने बांधली, बँकेत पेन बांधतात तशी. आज रिमोट टीपॉयच्या पायाला बांधणार आहे. "पाहुणे काय म्हणतील?" असं नवरा म्हणाला. म्हणू देत. पाहुण्यांना टीव्ही तरी बघायला मिळेल.