अर्धवट स्टेडियम कसं सांभाळावं

अभिनंदन! नवी मुंबई महापालिकेची आधीची निवडणूक २०१५ साली झाली आणि त्यानंतरची थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास सहा वर्षं प्रशासकांची. एवढ्या उपासानंतर १११ जागांपैकी एक तुमच्या पदरात पडली आहे. गुलाल धुऊन झाला असेल तर प्रभागात एक चक्कर मारा आणि रखडलेलं फुटबॉल स्टेडियम कुठे दिसतं का ते बघा. गटारं आणि पाणी यांत मेहनत फार, फोटो कमी. स्टेडियमचं उलट आहे. प्रभागात नसेल तर शेजाऱ्याच्या स्टेडियममध्ये लक्ष घाला; हद्दीचा वाद हाही पाठपुरावाच असतो.

एक पथ्य मात्र आधीच सांगतो. ते पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण करण्याचे प्रयत्न करा. प्रयत्नांना दर अंदाजपत्रकात तरतूद मिळते, पूर्ण झालेल्या स्टेडियमला विजेचं बिल येतं.

पहिल्या महिन्यात उशिराचं कारण निवडून घ्या. आपलं शहर या बाबतीत भाग्यवान आहे. शहर वसवणारं सिडको हे सरकारी महामंडळ १९७० पासून आहे, महापालिका १९९२ पासून. त्यामुळे जे झालं ते आपण केलं आणि जे झालं नाही ते भूखंड हस्तांतरणात अडकलं, असं न अडखळता सांगता येतं. त्यात आता प्रशासकांची राजवट हे नवंकोरं कारण हाताशी आहे. फक्त ते वापरण्याआधी भूमिपूजनाची कोनशिला वाचून या. तिच्यावर तुमच्या आत्ताच्या किंवा तेव्हाच्या पक्षातलं कोणी निघालं, तर पुढ्यात एक मोठी कुंडी ठेवा. क्रोटन चांगलं, लवकर फोफावतं.

मग पाहणी दौरा. तो मे महिन्यात काढा. पावसाळ्यात मैदानात गुडघाभर पाणी असतं आणि फोटोत ते तलावाच्या सुशोभीकरणासारखं दिसतं. आदल्या दिवशी माणूस पाठवून गॅलरीखाली राहणाऱ्या वॉचमनच्या बायकोला सळयांवर वाळत घातलेले कपडे काढायला सांगा. पत्र्याच्या कुंपणावर स्टेडियमचं संकल्पचित्र असेल. त्यातली हिरवळ उन्हानं निळी पडलेली असते आणि गॅलरीत बसलेली माणसं सगळी गोरी असतात. शेजारी कामाचा फलक. कामाचं नाव, कंत्राटदार, कार्यादेशाचा दिनांक, दोषदायित्व कालावधी, सगळं जिथल्या तिथे. फक्त 'काम पूर्ण होण्याचा दिनांक' या रकान्यावर स्टिकरवर स्टिकर बसून तो भाग चांगला बोटभर वर आला आहे. तिथे उभं राहू नका, वार्ताहर नेमका त्याचाच फोटो काढतात. गॅलरीच्या खांबापाशी उभे राहा, गंजलेली सळई चिमटीत धरा आणि कार्यकारी अभियंत्याला विचारा, "ही किती एमएमची?" तो काहीही सांगो, मान नकारार्थी हलवा आणि "त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्या" असं बजावा. झालं. सहा महिने गेले.

लक्षात असू द्या, अठ्ठावीसपैकी एक प्रभाग सोडला तर सगळे चार-चार नगरसेवकांचे आहेत. म्हणजे तुमच्याखेरीज आणखी तिघं हीच सळई धरणार. चौघांचे चार बॅनर लागतील आणि चारही बॅनरवर 'अथक पाठपुराव्याला यश' असेल. यश म्हणजे 'आपले पत्र प्राप्त झाले, उचित कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर. त्यावरून भांडू नका. पुरेल सगळ्यांना.

अहवाल आला की निविदा. पहिल्या वेळी एकच ठेकेदार येतो, म्हणून फेरनिविदा. तोवर दरसूची बदलते, म्हणून सुधारित अंदाजपत्रक. अंदाजपत्रक सुधारायचंच आहे तर सुविधाही सुधारा, म्हणून नवा सल्लागार. इथे मन मोठं ठेवा. जलतरण तलाव सुचवा, तळघरात पार्किंग सुचवा आणि मुख्य म्हणजे बँक्वेट हॉल सुचवा, कारण उत्पन्नाचा स्रोत हवा असं लेखा विभाग म्हणणारच आहे. फुटबॉलचं मैदान साधारणपणे १०५ बाय ६८ मीटर आखतात, पण नियमाप्रमाणे ९० मीटर लांबी आणि ४५ मीटर रुंदीसुद्धा चालते. हा नियम कोणी सांगितला नाही तरी सल्लागाराला तोंडपाठ असतो. हॉलला केटररचं दार लागतं, दारापुढे टेम्पो वळायला जागा लागते आणि ती जागा नेहमी कॉर्नर किकच्या बाजूलाच सापडते.

या टप्प्यावर कोणीतरी चोंबडा डी. वाय. पाटील स्टेडियमचं नाव काढेल. नेरूळला २००८ मध्ये उभं राहिलं, २०१७ मध्ये तिथे सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, जगानं नेरूळ पाहिलं, मग आपल्या सेक्टरातल्या पोरांनी तासाच्या भाड्यानं जाळीतल्या टर्फवर वर्गणी काढून का खेळायचं? उत्तर तयार ठेवा: "ते खासगी आहे." हे जरा तुच्छतेनं म्हणायचं. त्यानंही भागलं नाही तर वेम्बली काढा. लंडनचं नवं वेम्बली वेळेत झालं नाही, इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा २००६ चा अंतिम सामना वेल्समधल्या कार्डिफला खेळवावा लागला आणि स्टेडियम उघडलं २००७ मध्ये. इंग्रजांचं वेळेत होत नाही, तिथे आपण कोण? वेम्बलीला एकच वर्ष जास्त लागलं, हा तपशील समोरच्याला ठाऊक असण्याची शक्यता कमी.

पोरं मात्र येतील. जर्सी घालून शिष्टमंडळ घेऊन येतील. त्यांना खुर्च्या द्या, वडापाव मागवा, मेस्सी का रोनाल्डो ते विचारा. २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी मुंबईत आला तेव्हा त्यालाही वानखेडेवर, क्रिकेटच्या मैदानात, उभं राहावं लागलं, याची त्यांना आठवण करून द्या. २०२६ च्या जून-जुलैत विश्वचषक आहे, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, ४८ संघ, १०४ सामने. त्यांना अर्धवट गॅलरीसमोर मोठा पडदा लावून द्या. बरेच सामने आपल्याकडे रात्री उशिरा नाहीतर पहाटे दिसणार, तेव्हा सोसायट्या आवाजाची तक्रार करतील आणि तक्रारदारांची बाजू घ्यायला तुमचे तिघं सहकारी आहेतच.

त्यातली एखादी मुलगी विचारेल, "सर, मैदानाखाली पाणी निचऱ्याचे पाइप टाकलेत का? इथे तर भरतीला नाल्याचं पाणी उलटं येतं." हा सगळ्यात वाईट प्रश्न. खाली खडी, तिच्यात छिद्रांचे पाइप आणि वर वाळू नसेल तर वरचं गवत एका पावसाळ्यात कुजतं, हे तिला कळलं आहे आणि खर्चाच्या तक्त्यात तो आकडा सगळ्यात आधी कापला गेला आहे, हे तुम्हाला. तिला शाब्बास म्हणा आणि तिच्यासोबत फोटो काढा. हुशार आहे, दोन-चार वर्षांत शिकायला पुण्याला जाईल.

इतकं करूनही कधीकधी स्टेडियम पूर्ण होतंच. एखादा हट्टी अभियंता असतो, एखादा ठेकेदार पैसे मिळाले म्हणून खरोखर काम करतो. घाबरून जाऊ नका. उद्घाटनासाठी मोठ्या नेत्याची तारीख मागा, ती मिळत नाही. मिळालीच तर पहिला कार्यक्रम फुटबॉलचा ठेवू नका. टेनिस बॉल क्रिकेटचा चषक घ्या, मधोमध पिच रोलरनं दाबून पक्की करून घ्या, त्यानंतर नवरात्रात गरबा, मग गृहनिर्माणाचं प्रदर्शन. मांडवाचे खांब ठोकताना जपून ठोका म्हणून मंडपवाल्याला लेखी कळवा आणि पत्राची पोच ठेवा. गवताला पाणी मारायच्या टँकरची तरतूद तेवढी विसरा. पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेत 'मैदानाचे नूतनीकरण' हा विषय आपोआप येईल. सूचक म्हणून सही तुमचीच राहील, एवढं बघा.