खांबावरचं पोस्टर, चौकातला फ्लेक्स

बेकायदा फ्लेक्सवरून उच्च न्यायालयाने महापालिकांना झापल्याची बातमी आली की आमच्या शाळेच्या ग्रुपवर मला हमखास विचारलं जातं, "काय रे, तुमच्या अमेरिकेत चालतं का हे असलं?" कोणतं उत्तर अपेक्षित आहे ते मला ठाऊक असतं. पण सिअ‍ॅटलमध्ये राहून ते देणं म्हणजे थाप मारणं होईल. इथे कॅपिटल हिल भागातून चाललं तर विजेचा लाकडी खांब नुसता असा दिसतच नाही. पोस्टरवर पोस्टर, त्यावर स्टिकर, आणि जुनं पोस्टर फाटून गेलं तरी मागे राहिलेल्या स्टेपलच्या गंजक्या पिनांचा थर. आज कोणत्या बारमध्ये कोणता बँड वाजवणार, कोणाचं मांजर हरवलंय, कोणाला खोली भाड्याने द्यायचीय, सगळं त्या खांबावर.

आणि हे शहरालाही आवडत नव्हतंच. १९९४ साली सिअ‍ॅटलने खांबांवर पोस्टर लावायला बंदी घातली. शहर घाण दिसतं हे एक कारण, आणि खांबावर चढणाऱ्या कामगारांना त्या पिना आणि खिळ्यांचा धोका हे दुसरं. दुसरं कारण मला आजही पटतं. प्रकरण कोर्टात गेलं. २००२ मध्ये अपील न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे कायद्याची लढाई महापालिकेने जिंकली. तरीही आज काही अटी पाळून खांबांवर पोस्टर लावता येतं. जिंकलेली बंदी पूर्ण ताकदीने परत आणली नाही, एवढंच शहराने केलं. तेवढं पुरलं.

ही पोस्टरं करतं कोण, हे ग्रुपवर सांगायला गेलं की लोकांचा रस संपतो. माझा तिथेच सुरू होतो. आर्ट चँट्रीसारखा ग्राफिक डिझायनर जुन्या अवजारांच्या कॅटलॉगमधली चित्रं कापून, झेरॉक्स काढून, हाताने चिकटवून पोस्टर रचायचा. बँडकडे पैसे नसायचे, म्हणून ती शैली घडली. पुढे त्याच खांबांच्या शहरात स्क्रीन प्रिंटिंगचा, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापण्याचा, व्यवसाय उभा राहिला. पर्ल जॅम या इथल्या रॉक बँडच्या बेसवादकाचा भाऊ बॅरी अमेंट आणि त्याचा भागीदार यांचा एम्स ब्रदर्स हा स्टुडिओ त्यातलाच. एका कार्यक्रमाचं एक पोस्टर, साधारण अठरा बाय चोवीस इंचांचं. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून रंग मोजकेच. दोन रंग एकमेकांवर चढवून तिसरा फुकटात मिळवायचा, यात खरी हुशारी. दोन-तीनशे प्रती निघतात, त्यांवर क्रमांक आणि सही. काही प्रती बँड कार्यक्रमात विकतो, काही डिझायनरकडे राहतात आणि बऱ्याचदा त्याची खरी कमाई त्या प्रतींचीच असते. फ्लॅटस्टॉक नावाचं पोस्टर-प्रदर्शन इथल्या बंबरशूट महोत्सवात भरायचं, तिथे ही मंडळी टेबलं मांडून स्वतः विकायला बसत.

आता हे वाचून 'बघा, तिकडे कलेची कदर आहे' असं कोणी म्हणू नये. २०२१ मध्ये याच शहरात पोलीस ठाण्याबाहेरच्या भिंतीवर खडू आणि कोळशाने लिहिल्याबद्दल चार जणांना अटक झाली होती. खडूने! शेपर्ड फेअरी या रस्त्यावरच्या चित्रकाराने १९८९ साली कॉलेजात असताना आंद्रे द जायंट या कुस्तीगिराच्या चेहऱ्याचे स्टिकर चिकटवायला सुरुवात केली. २००९ च्या जानेवारीत त्याचं ओबामांचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलं आणि फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये, स्वतःच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जाताना, रस्त्यावर चिकटवाचिकटवी केल्याच्या जुन्या प्रकरणात त्याला पोलिसांनी पकडलं. दुटप्पीपणात अमेरिका आपल्याला हार जाणारी नाही.

फरक आहे तो कशाला किती भ्यायचं यात. आपल्याकडे १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या लेखी तळहाताएवढा स्टिकर आणि चौक झाकणारा वाढदिवसाचा फ्लेक्स एकाच पंक्तीत बसतात. प्रत्यक्षात बसत नाहीत. फ्लेक्सवर गुन्हेगार स्वतःचा फोटो छापतो, खाली सोळा शुभेच्छुकांचे फोटो छापतो, कधी मोबाइल नंबरही देतो, तरी 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' तक्रार होते. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मर्यादा चाळीस बाय चाळीसची. सतरा माणसं गेली. एवढं होऊनही आपल्या चर्चेतला शब्द 'विद्रूपीकरण'च, जणू प्रश्न फक्त दिसण्याचा आहे.

दिसण्याचा म्हटला की उत्तरही तसंच येतं: सुशोभीकरण. २००९ साली मुंबईत तुळशी पाइप रोडच्या भिंतीवर हौशी आणि व्यावसायिक चित्रकारांनी मिळून जे रंगवलं त्यात कच्चेपणा होता, पण जान होती. जी-२० च्या बैठकांसाठी पुण्यात, मुंबईत, नागपुरात ज्या भिंती रंगल्या त्यांचे फोटो मी बघितले. मोर, वारलीची माणसं, योगासनं, मेट्रो. वाईट नाही. पण कोणाचंच काही म्हणणं नसलेल्या भिंती.

खळीची बादली आणि ब्रश घेऊन रात्री पोस्टरं चिकटवणारे कार्यकर्ते, गेरू-चुन्याने रंगवलेल्या भिंती, हे सगळं आपल्याकडे होतंच. ते फ्लेक्सने गिळलं. डिझाइनची परंपरा तर विचारूच नका. कमल शेडग्यांच्या अक्षरांवरून लोक पेपरातली नाटकाची जाहिरात ओळखायचे. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर अजून गल्लीबोळांत आहेत, म्हणजे कारागीर आणि सामान दोन्ही हजर. २०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यापासून बँडही आहेत, श्रोतेही आहेत.

पुण्यातला माझा एक डिझायनर मित्र स्टिकर करतो, उत्तम करतो, आणि ते लोकांच्या लॅपटॉपवर नि हेल्मेटवर संपतात. खांबावर का लावत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "अरे, तासाभरात त्यावर मूळव्याधवाल्याचा कागद बसेल." खरं आहे. पण तो कागद आजही बसतोच. इथल्या खांबांवरही 'तुमचं घर रोखीने विकत घेतो'वाल्यांचा सुळसुळाट आहे आणि बँडवाले त्यांच्यावर बिनदिक्कत आपलं पोस्टर ठोकतात.

माझं मागणं लहान आहे. दंड चौरस फुटांवर लावा आणि फ्लेक्सवर ज्यांचे चेहरे छापलेत त्या प्रत्येकाकडून वसूल करा. ए-थ्री आकाराखालच्या, कागदाच्या, तारीख छापलेल्या पोस्टराला मात्र हात लावू नका. तारीख उलटली की सफाईवाल्याने खुशाल काढावं. प्रत्येक प्रभागात नाट्यगृहाजवळ किंवा कॉलेजच्या कुंपणाला लागून एक लाकडी फळा ठेवा, पूर्वपरवानगीचा अर्ज न मागता. मित्राच्या मते असा फळा झालाच तर त्याच्या उद्घाटनाचा फ्लेक्स फळ्याहून मोठा असेल. असू दे. त्या फ्लेक्सचा दंड चौरस फुटांनी लागला तर पुढच्या दहा फळ्यांचा खर्च निघेल.