एप्रिलमधली स्टीलची बाटली

कालपासून फोंडा-पणजी बसमध्ये मी बेवडा म्हणून प्रसिद्ध आहे. गुन्हा इतकाच, की प्लास्टिकचा कचरा नको म्हणून मी पाण्यासाठी स्टीलची बाटली घेतली. किंमत सातशे. घरी पाचशे सांगितली आहे, पण तो विषय वेगळा.

मंगेशीजवळ करकचून ब्रेक लागला आणि बाटली मांडीवरून सुटून गडगडत थेट ड्रायव्हरच्या पाठीशी गेली. कंडक्टरने ती उचलली, कानाशी नेऊन हलवली. आत डुचमळलं. तो गालात हसला आणि ‘‘कोणाची गा ही?’’ असं ओरडला. मी हात वर केला. अख्खी बस वळून बघू लागली.

शेजारी एक काका बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, चेहरा निवृत्त हेडमास्तरांचा. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, ‘‘हुर्राक?’’

‘‘पाणी आहे, काका.’’

‘‘उदक? उदक कोण अशें धांपून व्हरता?’’

त्यांचंही बरोबर म्हणा, पाणी कोण असं झाकून नेतं? काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाटीवर चढवला की पहिल्या खेपेला उतरतो तो हुर्राक, आणि पुन्हा गाळली की फेणी. फेणी बारमाही. तिला २००९ साली जीआय मानांकनही मिळालं. हुर्राकाचं मात्र उन्हाळ्यापुरतंच राज्य. त्यामुळे या दिवसांत, आतलं दिसत नाही अशी बाटली जपून नेणारा माणूस पाणीच नेतोय यावर गोव्यात शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही.

मी झाकण उघडून बाटली पुढे केली. काकांनी डोळे मिटून वास घेतला आणि निकाल दिला, ‘‘वास येत नाही. म्हणजे माल एक नंबर.’’ पुढच्या सीटवरच्या बाई खिडकीकडे सरकल्या. मागच्या पोराने ‘‘अंकल, लिंबू-मीठ आहे?’’ असं विचारलं. हुर्राकात टाकायची हिरवी मिरची कुणी विचारली नाही हे नशीब. शेवटी चव बघूनच खात्री करतो म्हणत काकांनी बाटली वरून धरली आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत घटाघट रिकामी केली.

‘‘उदकूच रे!’’ ते म्हणाले. आवाजात फसवणूक झाल्याचं दुःख होतं.

मग त्यांनी आपली पिशवी किंचित उघडून दाखवली. आत मिनरल वॉटरची लिटरभराची बाटली. काचेसारखं स्वच्छ, नितळ पाणी. ‘‘हो पळे हुर्राक,’’ ते कुजबुजले. ‘‘सगळ्यांना दिसतो, म्हणून कोणी विचारत नाही.’’ ती बाटली म्हणे तीन उन्हाळे चालली आहे. लेबल केव्हाच गळून पडलेलं.

मला राग आला तो काकांचा नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, ताटल्या, अगदी कानात घालायच्या काड्यांच्या दांड्यासुद्धा बंद झाल्या. पाण्याची बाटली त्या यादीत नाहीच. म्हणजे शहाळ्यातली नळी गुन्हेगार आणि बाटली सोवळी! खांडेपार नदीचं पाणी ओपाच्या केंद्रात शुद्ध होऊन पणजीच्या तिसवाडी तालुक्यापर्यंत जातं, म्हणजे पणजीला ते माझ्याआधीच पोचलेलं असतं. पण ते माझ्या स्टीलच्या बाटलीत भरून द्या म्हटलं की समोरचा माणूस आपण त्याची किडनी मागितल्यासारखा बघतो.

पणजीत उतरलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. एका दुकानदाराला बाटली दाखवून म्हटलं, ‘‘जरा भरून देता?’’ त्याच्या मागे फिल्टर गुरगुरत होता.

‘‘भरून दिली तर विकू काय?’’ त्याने सीलबंद बाटली पुढे सरकवली. ‘‘ही घ्या, आणि ओता तुमच्या स्टीलमध्ये.’’

वीस रुपये देऊन मी मुकाट्याने ओतत होतो, तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

‘‘बाब, ती उडयनाका. म्हाका दी.’’

काकांनी रिकामी बाटली उजेडात धरली, झाकण दोनदा पिळून बघितलं आणि पिशवीत टाकली. ‘‘जुनी गळू लागली होती,’’ ते म्हणाले.